वर्गात पॉडकास्ट: शिकवणं की तास ढकलणं?

खडूफळा (धागाकर्ती): नववीला आठवड्यातून एक तास पॉडकास्ट ऐकवावा, असा विषय आमच्या शिक्षक-सभेत निघालाय. मी बाजूने आहे. भाषेच्या तोंडी परीक्षेत श्रवण असतं, पण ऐकायला शिकवतो कोण? बाई उतारा वाचणार, मुलं उत्तरं देणार, झालं श्रवण! पॉडकास्टमध्ये मालवणी किंवा वऱ्हाडी माणूस स्वतः बोलतो. तो हेल पाठ्यपुस्तकातून कसा कळणार?

त्रिज्या: साफ विरोध. साठ पोरं, एक ब्लूटूथ स्पीकर, वर घरघरणारे पंखे. शेवटच्या बाकांवर काय पोचणार? तास पस्तीस मिनिटांचा आणि भाग पाऊण तासाचा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या हातात लेखी संहिता देणार का? नाहीतर पॉडकास्ट लावायचा आणि वह्या तपासत बसायचं, हेच होणार.

जुना_ट्रान्झिस्टर: त्रिज्या, कानाने शिकणं नवं नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची. स्मार्टफोन नसलेल्या घरांतही पोचायची.

त्रिज्या: तेव्हा दुसरा इलाज नव्हता. इथे हाडामांसाच्या बाई समोर उभ्या आहेत!

जुना_ट्रान्झिस्टर: त्या हव्यातच. निकाराग्वात 1974 च्या सुमारास रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवायचा प्रकल्प झाला. निवेदक प्रश्न विचारून थांबायचा, वर्ग मोठ्याने उत्तर द्यायचा, मग बरोबर उत्तर यायचं. सगळी गंमत त्या थांबण्यात होती. आपले पॉडकास्ट म्हणजे दोघांच्या गप्पा, त्या मुलांसाठी थांबत नाहीत. तेव्हा सात-आठ मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि मध्येच बंद करून विचारायचं, ‘हा माणूस आता काय म्हणेल?’ अख्खा भाग लावणाऱ्यांच्या मात्र मीही विरोधात.

कानोसा: ऐकवताय कशाला, मुलांना करू द्या की! अमेरिकेत एनपीआर ही रेडिओसंस्था विद्यार्थ्यांची पॉडकास्ट स्पर्धा घेते. दूध संकलन केंद्रावरच्या माणसाची वीस मिनिटांची मुलाखत चार मिनिटांवर आणताना काय ठेवायचं, काय कापायचं यावर गटात भांडणं होतील. सारांशलेखनाच्या तासाला कधी भांडतात का?

त्रिज्या: फोन कोणाचा? शाळेत मोबाईल बंदी आहे, आणि कित्येक घरांत एकच फोन असतो, तोही वडिलांबरोबर कामावर.

खडूफळा: गटाला एक पुरे. माझा देईन, मधल्या सुट्टीत.

त्रिज्या: आणि डेटाही तुमचाच का?

कानोसा: सर, रेकॉर्डिंगला डेटा लागत नाही हो.