मदत हवी आहे : छोट्या खरेदीवर मिळणारे लाउंज पास अजून जमा झालेले नाहीत

नमस्कार मंडळी,

क्रेडिट कार्डांच्या अटी आणि विमानतळावरील लाउंजचे (म्हणजे प्रवाशांसाठीच्या विश्रांतिकक्षांचे) नियम यांची नीट माहिती असणाऱ्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. रक्कम अगदी किरकोळ आहे, पण प्रवास आईबरोबरचा आहे आणि दिवस थोडे उरले आहेत, म्हणून सगळा तपशील क्रमाने लिहिते.

माझ्याकडे एका विमान कंपनीच्या नावाचे, पण बँकेने दिलेले कार्ड आहे. त्यावर दर वर्षी त्या कंपनीच्या लाउंजचे दोन एकवेळचे पास मिळतात. हे पास आपोआप येत नाहीत. कार्डाचे वर्ष पालटल्यानंतर त्यावर निदान एक खरेदी व्हावी लागते, आणि त्या खरेदीची खात्यात नोंद झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत पास विमान कंपनीच्या सदस्यखात्यात जमा होतील, असे अटींमध्ये लिहिलेले आहे. खरेदीची किमान रक्कम कुठेही दिलेली नाही. पहिल्या वर्षी कार्ड हातात पडताच मी काहीतरी लहानसे घेतले आणि दहा-बारा दिवसांत दोन्ही पास आले, त्यामुळे या अटीकडे पुन्हा लक्ष द्यावे असे मला कधी वाटलेच नाही. माझा रोजचा खर्च दुसऱ्या कार्डावर होतो. हे कार्ड वर्षभर कपाटातच असते.

गेल्या महिन्याच्या १२ तारखेला कार्डाचे वर्ष पालटले. १७ तारखेला वार्षिक शुल्क कापले गेले आणि कार्डावर रक्कम पडली म्हणजे अट पूर्ण झाली, असे मी धरून चालले. बँकेत फोन केल्यावर कळले की शुल्क ही खरेदी नव्हे. म्हणून २० तारखेला मी हे कार्ड एका ॲपमध्ये जोडले. जोडताच अगदी नाममात्र रक्कम कापली गेल्याचा संदेश आला, मला हायसे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ती नोंद यादीतून नाहीशी झाली. २४ तारखेला एक ई-पुस्तक विकत घेतले. त्याची नोंद २५ तारखेला पक्की झाली, परंतु फाइल काही केल्या उघडेना, विक्रेत्याकडे तक्रार केली, तर त्याने दुसरी प्रत न देता २७ तारखेला सरळ पैसेच परत केले. शेवटी या महिन्याच्या ३ तारखेला मोबाइलचे छोटे रिचार्ज केले; ते दोन दिवस ‘पेंडिंग’ राहून ५ तारखेला स्टेटमेंटमध्ये उतरले. आज १४ तारीख आहे आणि सदस्यखात्यात पासांच्या जागी अजूनही शून्यच दिसते आहे.

आमचे विमान पुढच्या महिन्याच्या २ तारखेला आहे. चार आठवडे ई-पुस्तकाच्या नोंदीपासून मोजले तर पास या महिन्याच्या २३ तारखेपर्यंत यायला हवेत. रिचार्जपासून मोजले तर मुदत थेट प्रवासाच्या दिवसावर जाते, म्हणजे पास वेळेवर येऊनही आमच्या कामाचे राहणार नाहीत. म्हणून माझा पहिला प्रश्न असा आहे की, ज्या खरेदीचे पैसे नंतर परत आले, तिची गणना अशा अटीत होते का? दुसरा प्रश्न रिचार्जविषयी. कुणीतरी मला सांगितले की रिचार्ज आणि वॉलेटमध्ये पैसे भरणे या दोन्ही गोष्टी ‘रोखीसारख्या’ धरल्या जातात आणि त्यांवर कोणताही लाभ मिळत नाही. हे खरे असेल तर मी अजून एकही पात्र खरेदी केलेली नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि ती भीती मला सर्वांत जास्त आहे. आणखी एखादी खरेदी करून ठेवावी का, की एकामागून एक बारीकसारीक रकमा पाहून बँकेला मी अटीला बगल देते आहे असे वाटेल?

हे दोन पास मला का हवेत तेही सांगते, कारण ‘इतक्याशा गोष्टीसाठी एवढी धडपड कशाला’ असे कुणालाही वाटू शकते. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. या प्रवासात दोन विमानांच्या मध्ये साडेपाच तासांचे अंतर आहे. मागच्या वेळी गेटजवळच्या धातूच्या खुर्चीवर ती बसली होती. त्या खुर्च्यांना मध्ये हात असल्यामुळे पाय आडवा घेता येत नव्हता, म्हणून मी बॅग उभी ठेवून त्यावर जाकीट गुंडाळले आणि तिची टाच त्यावर टेकवली. दर दहा मिनिटांनी बॅग सरकायची आणि ती काही न बोलता पुन्हा पाय उचलून ठेवायची. यंदा तिला पाठ टेकून बसता यावे, जवळ स्वच्छतागृह असावे, एवढीच माझी इच्छा आहे. लाउंजचे दारावरचे शुल्क भरण्याचीही माझी तयारी आहे, पण गर्दीच्या वेळी पैसे देऊनही आत घेत नाहीत असे ऐकले आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. माझ्याकडे अशा प्रकारची दोन कार्डे बरीच वर्षे आहेत, त्यामुळे अनुभवावरून आणि थोड्या वाचनावरून लिहितो. तुमचे सगळेच प्रयत्न सारखे नाहीत, ते वेगळे करून पाहावे लागतील.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी दुकानदाराची यंत्रणा बँकेकडे मंजुरी मागते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवली जाते. आपल्याला ‘पेंडिंग’ दिसते ते हेच. नंतर दुकानदार त्या व्यवहारांची हिशेबपूर्ती पाठवतो आणि मगच ती खरेदी खात्यावर पक्की चढते. ॲपमध्ये कार्ड जोडताना जी नाममात्र रक्कम दिसली, ती कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यापुरती मागितलेली मंजुरी होती. तिची हिशेबपूर्ती कधी होतच नाही, म्हणून ती नाहीशी झाली, आणि म्हणूनच ती खरेदी ठरत नाही. या फसव्या नोंदीवर विसंबून अनेकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. ई-पुस्तकाचे म्हणाल तर, बहुतेक अटींमध्ये खरेदीतून परतावे वजा करून उरलेली रक्कमच धरतात. तुमच्या बाबतीत ती शून्य आहे. काही वेळा यंत्रणा परतावा येण्याआधीच पास सोडते, पण त्यावर अवलंबून राहू नये.

रिचार्जविषयी मात्र तुम्ही निश्चिंत असावे असे मला वाटते. प्रत्येक विक्रेत्याला त्याच्या व्यवसायानुसार चार अंकी कोड दिलेला असतो. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८२४५ या क्रमांकाचे आहे. दूरसंचार सेवेचा कोड ४८१४, किराणा आणि सुपरमार्केटचा ५४११. प्रीपेड वॉलेटमध्ये पैसे भरले की ६५४० येतो, रोखीसारख्या व्यवहारांना ६०५१ आणि एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला ६०११. लाभातून वगळले जातात ते मुख्यतः शेवटचे तीन. दूरसंचार कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून केलेले रिचार्ज सहसा ४८१४ मध्ये जाते. तुम्ही ते एखाद्या वॉलेटमधून केले असेल, म्हणजे आधी वॉलेट भरून मग त्यातून रिचार्ज, तर गोष्ट वेगळी. तेवढे तपासा. शंका राहिलीच तर रोजच्या वापरातली एखादी वस्तू दुकानात जाऊन याच कार्डावर घ्या आणि परत करू नका. त्यात बगल देण्यासारखे काही नाही. बँकेने स्वतःच किमान रक्कम ठेवलेली नाही, आणि कार्ड वापरात राहावे हाच त्या अटीचा हेतू आहे.

आता मला खरी शंका कुठे आहे ते सांगतो. पास बँक देत नाही. बँक विमान कंपनीला कळवते आणि कंपनी ते कार्डाला जोडलेल्या सदस्यक्रमांकावर टाकते. तुम्ही ज्या खात्यात शून्य पाहत आहात, तोच क्रमांक बँकेच्या नोंदीत आहे ना? स्टेटमेंटच्या वरच्या कोपऱ्यात तो बहुधा छापलेला असतो.

लाउंजच्या दाराविषयीही दोन गोष्टी. साधारणपणे एका पासावर एकच व्यक्ती आत जाते, म्हणजे तुम्हा दोघींना दोन्ही पास लागतील. गर्दी वाढल्यापासून कंपन्यांनी नियम आवळले आहेत. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने १ जून २०२२ पासून विमान सुटण्याच्या तीन तासांपेक्षा आधी लाउंजमध्ये प्रवेश बंद केला, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून आपल्या महागड्या रिझर्व्ह कार्डावरही वर्षाला १५ भेटींची मर्यादा घातली. वर्षभरात ७५,००० डॉलर खर्च केले तरच ती उठते. मात्र तीन तासांच्या नियमातून मधल्या थांब्यावरचे प्रवासी वगळलेले आहेत. तुमच्या कंपनीचा नियम तसाच असेल तर साडेपाच तासांची अडचण येणार नाही, पण तो आधी वाचून घ्या. दारावरच्या शुल्काविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे आणि एकवेळचे पासही गर्दीच्या वेळी थांबवले जाऊ शकतात, म्हणून पहिल्या विमानातून उतरल्यावर आईंसाठी चाकाची खुर्ची मागवा आणि वाटेत न थांबता थेट लाउंजकडे जा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुमचे मनापासून आभार. तुमची शंका अगदी बरोबर निघाली. मागच्या वर्षी पासवर्ड विसरल्यामुळे मी विमान कंपनीकडे दुसरे सदस्यखाते उघडले होते आणि हल्ली तेच वापरत होते. बँकेकडे मात्र जुनाच क्रमांक आहे. स्टेटमेंटवर तो पाहिला, जुन्या खात्याचा पासवर्ड नव्याने घेतला आणि आत गेले, तर दोन्ही पास तिथे होते. जमा झाल्याची तारीख या महिन्याची ६, म्हणजे रिचार्जची नोंद पक्की झाल्याचा दुसरा दिवस. परत आलेल्या ई-पुस्तकाने काही घडले नव्हते, हेही त्यावरून कळले. रिचार्ज मी दूरसंचार कंपनीच्या संकेतस्थळावरूनच केले होते.

तिकीट नव्या क्रमांकावर काढलेले होते. दारावर दोन क्रमांकांचा घोळ नको म्हणून आरक्षणात जाऊन सदस्यक्रमांक बदलून जुना घातला. तो प्रवासाआधी बदलता येतो. तीन तासांचा नियमही वाचला, मधल्या थांब्याला तो लागू नाही. दोन्ही खाती एकत्र करण्याचा अर्ज प्रवासाहून परत आल्यावरच करणार आहे, कारण त्या गडबडीत पास हरवायला नकोत. दोन्ही बारकोड मोबाइलमध्ये साठवले आहेत, आणि आईच्या पासाची एक छापील प्रत तिच्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीखाली ठेवली आहे.