लाइट गेल्यावर स्विचचा लॉग कोरा का होतो

दादा, अंबड एमआयडीसीत लाइट जाऊन आली की तुमच्या सिस्को नेटवर्क स्विचचा लॉग, म्हणजे घटनांची नोंद, कोरा दिसतो, कारण तो रॅममधल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत असतो. रीस्टार्टला पुसला जातो. लॉग बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर (नोंदी गोळा करणाऱ्या कॉम्प्युटरवर) पाठवा: यूडीपी पोर्ट 514, ट्रॅप लेव्हल 6, म्हणजे साध्या माहितीपर्यंतचे सगळे मेसेज जातील. सर्व्हर आणि मधला स्विच, दोन्ही यूपीएसवर हवेतच. त्याआधी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावा, टाइमस्टॅम्प मिलिसेकंदांसह चालू करा; घड्याळं जुळली नाहीत तर दोन स्विचचे लॉग लावून बघण्यात अर्थ नाही. बफर 4096 बाइट्सचा असेल तर 65536 करा. कन्सोलवर, म्हणजे स्विचला थेट जोडलेल्या स्क्रीनवर, लेव्हल 7 (डीबगसकट सगळे मेसेज) नको, सीरियल पोर्ट संथ असल्याने सीपीयू अडकतो. मॅक फ्लॅपिंगचे (एकच मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, सारखा वेगवेगळ्या पोर्टवर दिसल्याचे) मेसेज आले तर आधी लूप, म्हणजे फिरून परत येणारी जोडणी, शोधा; बहुधा एकाच केबलची दोन्ही टोकं टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये खोचलेली सापडतात.