नववीच्या पोरांना अमेरिका शिकवायचीय, पण सुरुवात कुठून करू?

खडूफळा:

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नववीत ४१ पोरं. शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास मुख्याध्यापकांनी मला बहाल केलेत. "बाई, सहा शनिवार अमेरिकेतलं जीवन घ्या, पोरांचं इंग्रजी सुधारेल." मी अमेरिकेला गेलेले नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण हे सरांना सांगून काही फरक पडला नसता.

पहिल्या शनिवारी तक्ता करून नेला. झेंड्यावर ५० तारे, १३ पट्टे. ४ जुलै. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, त्यात टर्की. पोरांनी मान खाली घालून सगळं उतरवून घेतलं. टर्की पक्षी की देश, एवढी एकच शंका आली. सामान्य ज्ञानाचा तास झाला, दुसरं काही नाही.

शेवटी मी म्हटलं, आता तुम्ही विचारा. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, तिकडची नववीतली पोरं किती वाजता उठत्यात? डबा कोण देतं?" मला माहीत नव्हतं. मग खिडकीजवळची एक मुलगी, जी वर्षभरात आपणहून कधी बोलली नव्हती, तिने विचारलं, "तिथं जात विचारतात का?" वर्ग गप्प झाला. मी "पुढच्या शनिवारी सांगते" म्हणाले आणि सुटले.

तर आता सांगा, पुढच्या शनिवारी काय सांगू? तक्ता मी कपाटामागे टाकलाय.

एडिसनची_आत्या:

डब्याचं मी सांगते. न्यू जर्सीत राहते, धाकटी यंदा नववीत आहे.

साडेसहाला उठते, म्हणजे मी उठवते. सहा पन्नासला कोपऱ्यावर पिवळी बस. बसच्या कडेचा लाल फलक उघडला की दोन्हीकडची वाहनं जागच्या जागी थांबतात. पोर रस्ता ओलांडून चढेपर्यंत कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. मला इथे १८ वर्षं झाली, अजून ते बघून बरं वाटतं.

शाळेत वर्ग पोरांचा नसतो, बाईंचा असतो. घंटा झाली की बाई जागेवरच आणि पोरं पळतात पुढच्या खोलीत. प्रत्येक तासाला शेजारी वेगळा. त्यामुळे आपल्यासारखी 'माझ्या बाकावरची' मैत्रीण हा प्रकारच नाही. माझी दहावीपर्यंतची बाकावरची मैत्रीण अजून रोज फोन करते, हे लेकीला कळतच नाही. आणि तासाच्या मध्ये बाहेर जायचं तर बाईंकडून पास घ्यायचा. नुसती करंगळी दाखवून चालत नाही.

डबा नेत नाही. पहिलीत थालीपीठ नेलं होतं, शेजारच्याने नाक दाबलं. त्या दिवसापासून कॅफेटेरियातला चीज पिझ्झा. आपला नंबर दाबायचा, पैसे खात्यातून जातात. आता नववीत आल्यावर मैत्रिणी घरी येऊन तेच थालीपीठ मागून खातात, पण ते घरी. शाळेत अजून नाही.

आणि एक गोष्ट गाळू नका. इथे दर महिन्याला आगीच्या सरावासोबत आणखी एक सराव असतो, त्यात कधी बंदूकवाला शाळेत शिरलाय असं धरून चालतात. दाराला कुलूप, दिवे बंद, पोरं कोपऱ्यात चिडीचूप. ही दुसरीत असताना घरी येऊन मला मोठ्या अभिमानाने सांगत होती, "आई, मी शिंक दाबली."

जातीचं. गोरे नाही विचारत, त्यांना ते ठाऊकच नसतं. विचारतात आपलेच. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात देता देता, "आडनावावरून नाही कळलं, मूळचे कुठले तुम्ही?" सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरांनी ते नाकारलं. त्या मुलीला हे दोन्ही सांगा. आणि द्रोणाचंही सांगा.

स्पष्टवक्ता:

पोरांना धड मराठी शुद्धलेखन येत नाही आणि तुम्ही अमेरिका शिकवताय. चालू द्या.

निवृत्त_मास्तर:

स्पष्टवक्ता, अमेरिका मराठीतून शिकवायची सोय सव्वाशे वर्षांपूर्वीच झालीय हो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा जेमतेम १८ वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदानाला म्हणून पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, सुमारे तीन वर्षं तो देश पाहिला आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. मराठीत! बाई, त्यातलं पान वर्गात वाचा आणि तिथलं आज काय बदललं ते पोरांना इंग्रजीत लिहू द्या. जुनी मराठी वाचताना अडखळतील, अडखळू द्या.

आता जातीचा प्रश्न. तो टाळू नका, पण उत्तर तुमच्या तोंडून देण्यापेक्षा एका १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीकडून देववा. क्लॉडेट कॉल्व्हिन, अलाबामातलं माँटगोमेरी शहर, २ मार्च १९५५. शाळा सुटल्यावर बसने घरी निघाली होती. गोऱ्या बाईसाठी जागा सोड म्हटल्यावर ती उठली नाही. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवलं, हातकड्या घातल्या. रोझा पार्क्स यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनीही बसमध्ये अशीच जागा सोडली नाही, पण ती घटना नऊ महिन्यांनंतरची, १ डिसेंबरची. पुढच्या वर्षी ज्या खटल्याने तिथल्या बसमधला वर्णभेद कायद्याने संपला, त्यातल्या फिर्यादींमध्ये क्लॉडेट होती. तुमच्या पोरांच्या वयाची आहे, हे महत्त्वाचं. पुढाऱ्यांचे फोटो लावले की पोरांना जयंतीचं भाषण आठवतं आणि ती मनाने शाळेबाहेर जातात.

आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते विचारा. अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. निम्म्या शिक्षकांनाही हे माहीत नसतं. (निम्मे मी उदारपणे म्हणतोय.)

ढोबळ_गणित:

मी कंपनीतर्फे दोन वर्षं ह्यूस्टनला होतो. माझा अनुभव लाजिरवाणा आहे, पण धड्याच्या कामाचा आहे.

पहिल्याच आठवड्यात एकटा जेवायला गेलो. मेनूवर १२ डॉलर. बिल आलं १२.९९. टेक्सासमधला विक्रीकर, ८.२५ टक्के, तो मेनूवर दाखवतच नाहीत. ठीक. बिलावर खाली दोन रिकाम्या ओळी, 'टिप' आणि 'टोटल'. मला वाटलं, आपलं काम सही करायचं. केली आणि उठलो. वाढणारी मुलगी पार्किंगपर्यंत मागे आली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "माझ्याकडून काही चुकलं का?"

नंतर ऑफिसातल्या एकाने समजावलं. टिपवर जगणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची केंद्रीय किमान मजुरी ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तीच. एरवीची किमान मजुरी ७.२५. मधली तफावत टिपने भरून काढायची, नाही भरली तर मालकाने घालायची असा कायदा. काही राज्यांत जास्त देतात, टेक्सासमध्ये २.१३ च. म्हणजे मी त्या मुलीला बक्षिसी नाकारली नव्हती, पगार बुडवला होता.

पोरांना हे बिल फळ्यावर काढून द्या. १२ वर २० टक्के म्हणजे २.४०, एकूण १५.३९. शेकडेवारी होईल आणि इंग्रजीही. मोडीचे पैसे माझ्याकडे डबाभर पडलेत. व्यनितून (खाजगी निरोपातून) पत्ता द्या, पाठवतो.

खडूफळा:

तीन शनिवार झाले, म्हणून परत आले. सगळ्यांचे आभार, स्पष्टवक्त्यांचेही. त्यांच्यामुळे मास्तर लिहायला बसले.

नाणी पोचली. वर्गात फिरवली, ४१ जणांकडून सगळी परत आली (मोजली!). पाच सेंटचं नाणं मोठं आणि दहाचं त्याहून लहान, हे पोरांना अजिबात पटलं नाही. वर दहाच्या नाण्यावर १० हा आकडाच नाही, नुसतं 'वन डाइम' असं अक्षरांत. "मग नव्या माणसाला कळायचं कसं?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, हेच इंग्रजीत विचार. त्याला चार मिनिटं लागली, पण विचारलं.

बिलाच्या तासाला तर मी नुसती बघत राहिले. एकाच्या वडिलांचा हायवेला ढाबा आहे. तो उभा राहून म्हणाला, "आमच्याकडं वेटरला महिन्याचा पगार, दोन वेळचं जेवण आणि झोपायला माळा. टीप बडीशेपेच्या बशीत, दहा रुपये. ती त्याची त्याला." मग वाद लागला, कुणाचं बरं? अर्धा वाद इंग्रजीत झाला, मोडक्या, पण रागाच्या इंग्रजीत. क्रियापदाला 'एस' लागतो की नाही ते त्या दिवशी मी बघितलं नाही.

क्लॉडेटचा उतारा खिडकीजवळच्या त्या मुलीनेच वाचला. मी तिला सांगितलं नव्हतं, तिने हात वर केला. वाचून झाल्यावर तिनेच विचारलं, "बसमधली बाकीची माणसं काय करत होती?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही. द्रोणाची गोष्ट मी मग सांगितली, आत्या. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

आत्यांच्या लेकीने पोरांच्या प्रश्नांना आवाजी निरोप पाठवलेत. पहिल्यांदा कोणालाच काही कळलं नाही, तिसऱ्यांदा ऐकल्यावर "चीज पिझ्झा" कळलं आणि वर्ग हसला. तिने उलट विचारलंय, तुमचा दिवसातला आवडता तास कोणता? एकमताने ठरलं, ऑफ तास. आता तो इंग्रजीत सांगायचा कसा यावर दोन गट पडलेत. एक गट म्हणतो 'फ्री पिरियड'. दुसरा म्हणतो, फ्री पिरियड म्हणजे वेळापत्रकातच मोकळा ठेवलेला. ऑफ तास म्हणजे बाई आलेल्या नाहीत हे कळल्यावर होतो तो. पुढच्या शनिवारी यावर मतदान आहे.