मदत हवी आहे: ‘पेंढारी’ हे नाव नेमकं कशावरून?

हर्णैकर:
गावच्या स्मरणिकेसाठी अर्ध्या पानाचं टिपण आहे. १८१७च्या सुरुवातीला पेंढारी दरोडेखोरांची टोळी कोकणात उतरून सुवर्णदुर्गाच्या आसपासची गावं लुटून गेली, तेवढं लिहून झालंय. अडलंय नावापाशी. एक म्हणतो पेंढा पळवणारे, दुसरा म्हणतो ‘पिंडा’ नावाची दारू पिणारे. काय छापू? मजकूर रविवारी छापखान्यात द्यायचाय.

उकडा_तांदूळ:
दारूची कथा कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कमची. मध्य हिंदुस्थानावरच्या १८२३च्या पुस्तकात ती आहे. खुद्द पेंढाऱ्यांचा पुढारी करीमखान याने ‘दुसरं कारण कधी ऐकलं नाही’ असं सांगितल्याचंही तो नोंदवतो. साक्षीदार तगडा, पण नाव करीमखानाच्या जन्माआधीपासूनचं. त्यालाही ते ऐकीवच. आणि पिंडातल्या ‘पि’चा ‘पें’ नि ‘ड’चा ‘ढ’ कसा झाला? इंग्रजी ‘पिंडारी’चा आधार घेऊ नका. फारसी लिपीत ई आणि ए एकाच अक्षराने लिहितात, इंग्रजांना ड-ढमधला फरक ऐकूच येत नसे. मराठी उच्चार जास्त भरवशाचा.

माडाखाली:
पेंढ्याचं मत कोशकार विल्सनचं: भाताचा पेंढा अधिक ‘हर’, म्हणजे नेणारा. फौजेमागून फिरून वैरण गोळा करणारे स्वार, म्हणून. कामाचं वर्णन पटतं, फोड नाही. पेंढा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खळ्यातली उडवी येते, पण हे लोक वावरले माळव्यात आणि घाटावर, जिथे जनावरापुढे कडबा पडतो. धरायचं तर ‘पेंढी’ धरा: गवताची असते तशी कडब्याचीही पेंढीच. आणि ‘हर’ कशाला हवा? पूजाकारीचा पुजारी झाला, तशी ‘आरी’ इथेही बसते. अर्थात हा तर्कच. जुन्या कागदात पेंढीवाले या अर्थी ‘पेंढारी’ सापडला तरच पक्कं म्हणायचं.

उकडा_तांदूळ:
तिसरं मत इतिहासकार विल्यम अर्विनचं, बऱ्हाणपूर-हंडिया वाटेवरच्या ‘पांढार’ गावावरून. ‘पां’चा ‘पें’ इथेही अडतोच. अर्ध्या पानात सोडून द्या.

हर्णैकर:
मग असं चालेल? ‘नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. वैरणीच्या पेंढीशी ती जोडतात. दारूवरून नाव पडल्याची समजूत माल्कमने नोंदवली आहे.’

माडाखाली:
चालेल. फक्त टिपणाच्या पहिल्या वाक्यात नुसतं ‘दरोडेखोर’ नको. मराठा सरदारांच्या फौजांबरोबर ते बिनपगारी स्वार म्हणून जात, लूट हाच मोबदला. वैरणीचा संबंध त्याशिवाय वाचणाऱ्याला लागणार नाही.