पुन्हा लॉकडाऊनचा फॉरवर्ड

(सोलापूर, विजापूर रोडवरची एक सोसायटी. मे 2025 चा शेवटचा आठवडा. मधले टँकरचे आणि 'शुभ सकाळ'चे मेसेज गाळले आहेत.)

महादेव अण्णा, ए-102 (अनेक वेळा फॉरवर्ड झालेला): सावधान!! जिनिव्हात 20 मे रोजी सगळ्या देशांनी करार केला. आता लॉकडाऊन कधी लावायचा ते डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) ठरवणार. आपल्या सरकारला विचारणार पण नाहीत. दोन महिन्यांचं धान्य भरून ठेवा.

सुनंदा काकू, बी-101: भरून कुठं ठेवायचं तेही लिहिलंय का अण्णा? ह्या पावसानं माझ्या तूरडाळीला आत्ताच टोके झालेत.

स्मिता डॉक्टर, सी-203: अण्णा, महासाथींसाठीचा करार झाला हे खरं. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं, 124 देश बाजूनं, विरोधात एकही नाही, 11 तटस्थ. बाकीचं खोटं. कुठल्याही देशाला लॉकडाऊन, लस किंवा प्रवासबंदीची सक्ती करायचा अधिकार डब्ल्यूएचओला नाही, असं त्या करारातच स्पष्ट लिहिलंय. आणि 60 देशांनी आपापल्याकडं मंजुरी दिल्याशिवाय तो लागूही होत नाही. अमेरिका तर जानेवारीतच 'आम्ही संघटनेतून बाहेर पडणार' म्हणून मोकळी झाली.

महादेव अण्णा: मी फक्त पुढं पाठवलं ओ. बरं, लॉकडाऊनला आपण कशाला भ्यायचं? 1930 ला सोलापूरनं मार्शल लॉ पचवलाय.

शैलेश, बी-302: करार राहू द्या. मुळात लॉकडाऊन हाच मूर्खपणा होता. स्वीडननं केला नाही. लहान पोरांच्या शाळा चालू, हॉटेलं चालू. आणि 2020 ते 2022 अशा तिन्ही वर्षांचे जादा मृत्यू, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झालेले, मोजा, युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत स्वीडनचं नाव येतं.

स्मिता डॉक्टर: येतं. पण पहिलं वर्ष वेगळं काढून बघा की. 2020 मध्ये शेजारच्या नॉर्वे-फिनलंडच्या कितीतरी पट माणसं स्वीडनमध्ये गेली, आणि त्यात वृद्धाश्रमातली फार. त्यांच्याच सरकारनं नेमलेल्या आयोगानं त्याच डिसेंबरात लिहून दिलं की म्हाताऱ्यांना सांभाळण्यात आपण कमी पडलो. राजासुद्धा तसं जाहीर बोलला.

स्मिता डॉक्टर: आणि तुम्ही एक गोष्ट सोडली शैलेश. तिकडं एरवी आजारपणाचा पहिला दिवस बिनपगारी असतो. मार्च 2020 पासून तो पैसाही सरकार द्यायला लागलं. अंगात कणकण आली की माणूस घरी राहिला, कारण राहणं परवडत होतं. पोलीस उभे करायची गरज कमी पडली ती त्यामुळंही.

लक्ष्मी अक्का, ए-304: इथं तेच तर अडलं ओ डॉक्टर. माझी आई कुंभारीच्या विडी घरकुलात. कारखाना बंद म्हणजे पान-तंबाखू बंद. विड्या वळून दिल्या तर त्या दिवशीची मजुरी, नाहीतर काही नाही. रेशनचं पाच किलो मिळालं, नाही म्हणणार नाही. जनधन खात्यात 500 रुपये, तेही तीन महिनेच. खोलीत सहा माणसं आणि वर 'घरात बसा, अंतर ठेवा'.

इम्रानभाई, सी-102: अक्का, कारखानदाराची बाजू पण ऐका. 29 मार्चला केंद्राचा आदेश आला, कामगारांना पूर्ण पगार द्या. टॉवेलचे गठ्ठे गोडाऊनला पडून, बंदर बंद, पार्टीचे पैसे अडकलेले. द्यायचे कुठून? मे महिन्यात तो आदेश सरकारनंच मागं घेतला. मी माझ्या यंत्रमागावरच्या कामगारांना जमेल तेवढी उचल दिली. त्यातली निम्मी अजून वहीत तशीच आहे, मागितली नाही.

लक्ष्मी अक्का: उचल म्हणजे कर्ज झालं की भाई.

इम्रानभाई: होय, कर्जच. मी तरी कुठं नाही म्हणलालो.

शैलेश: तेव्हा मी स्टुटगार्टला होतो. जर्मनीत ह्यासाठी जुनी पद्धत आहे, कुर्त्सआर्बाइट म्हणतात. काम कमी झालं की माणसाला काढायचं नाही. जेवढा पगार बुडतो त्याचे 60 टक्के सरकारी बेकारी विम्याच्या निधीतून, पोरंबाळं असतील तर 67. पैसे मालकाच्या हातूनच मिळतात. एप्रिल 2020 मध्ये साठेक लाख लोक त्यावर होते. आमच्या प्लँटमधला एकही माणूस कमी झाला नाही.

सुनंदा काकू: मग शैलेश, तुझा मूर्खपणा आणि स्मिताचा शहाणपणा एकाच जागी, घरी बसलेल्याच्या पगारापाशी, येऊन थांबला म्हणायचा.

इम्रानभाई: जर्मनीचं ठीक आहे. त्यांच्याकडं प्रत्येकाचं नाव कागदावर. विडी कामगाराचं तरी कार्ड असतं. यंत्रमागावर किती जणांचं असतं? पीस रेट, आज इथं तर उद्या दुसऱ्या शेडमध्ये. सरकार पैसे द्यायला निघालं तरी कुणाला देणार?

प्रणव, सी-404: इम्रानकाका, नेमकं हेच पेरू देशात झालं! (अभ्यास चालूय, पप्पा, ग्रुपवर नाहीय मी.) त्यांनी आपल्याही आधी, 16 मार्चला देश बंद केला. लष्कर रस्त्यावर, रात्री संचारबंदी. सगळे म्हणले काय कडक काम आहे. तरी माणशी मृत्यूंत तो देश जगात सगळ्यात वर गेला. 2021 च्या मेअखेर त्यांनी आकडे परत तपासले, तर 69 हजारांचे एकदम 1 लाख 80 हजार झाले.

महादेव अण्णा: कडक असून कसं काय?

प्रणव: दहातले सात कामगार रोजंदारीवर किंवा बिननोंदणीचे. निम्म्या घरांत फ्रीज नाही, म्हणजे भाजी-मासळीला रोज बाजारात जायचंच. सरकारनं मदत जाहीर केली, चांगली होती म्हणे, पण अनेकांची बँकेत खातीच नाहीत. मग बँकेबाहेर रांगा. रोग बाजारात आणि रांगेत पसरला. ऑक्सिजनही कमी पडला.

प्रणव: आणि एक गंमत. एप्रिलमध्ये नियम काढला, पुरुषांनी सोमवार-बुधवार-शुक्रवार बाहेर पडायचं, बायकांनी मंगळवार-गुरुवार-शनिवार, रविवारी कुणीच नाही. बायकांच्या वारी बाजार एवढा तुंबला की आठवड्यात नियम गुंडाळला.

सुनंदा काकू: आमच्या ह्यांना सोमवारी मंडईत पाठवलं असतं तर मंगळवारी मला परत जायलाच लागलं असतं. त्या देशाच्या मंत्र्यानं घरी विचारलं नसणार.

महादेव अण्णा: मग जमलं कुणाला ते सांग. परीक्षेला तेच येणार.

प्रणव: तैवान. 2003 च्या सार्सच्या साथीत (तोही कोरोनाच्याच जातीचा रोग) हात पोळलेले. 31 डिसेंबर 2019 ला, जगाला अजून पत्ता नव्हता, तेव्हाच वुहानहून येणारी विमानं तपासायला लागले. आरोग्य विम्याचं कार्ड सगळ्यांकडं, ते इमिग्रेशनच्या नोंदींना जोडलं. त्याच कार्डावर फेब्रुवारीत मास्कचं रेशन. क्वारंटाइन झालेल्याला दिवसाला 1000 तैवानी डॉलर, आणि पळाला तर दंड दहा लाखांपर्यंत. पूर्ण 2020 मध्ये तिथं कोविडनं गेले फक्त सात जण.

स्मिता डॉक्टर: दक्षिण कोरियाचंही तसंच. 2015 ला तिथं मर्सचे (तोही त्याच जातीचा रोग) 186 रुग्ण झाले, 38 दगावले. तेवढ्यावरून त्यांनी कायदा बदलला, टेस्टिंग किटला तातडीची मंजुरी द्यायची सोय केली. म्हणून 2020 मध्ये गाडीत बसल्या बसल्या स्वॅब घेता आला, आणि देशभर टाळं न लावता एप्रिलमध्ये निवडणूकही झाली. आपल्याकडं 2020 ला सगळ्यात आधी हाताशी आला तो 1897 चा साथरोग कायदा. मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, इंग्रजांचा. चार कलमांचा. त्यात माणसाला अडवायची सोय होती, पोसायची नव्हती.

शैलेश: तैवानचं कौतुक पुरे. 2021 च्या मेमध्ये त्यांच्याकडंही साथ आली आणि लस हाताशी नव्हती.

स्मिता डॉक्टर: बरोबर, तिथं ते गाफील राहिले. चीनची गोष्ट त्याहून वाईट. वुहान 76 दिवस बंद, पुढं शांघायसारखं शहर दोन महिने बंद, आणि डिसेंबर 2022 मध्ये एकदम सगळं उघडलं. ऐंशीच्या पुढच्या कित्येकांचे डोस पूर्ण नव्हते. तीन वर्षं हातात होती! लॉकडाऊननं फक्त वेळ मिळतो. त्या वेळात लस, खाटा, ऑक्सिजन आणि घरी बसलेल्याच्या पोटाची सोय केली तर उपयोग. न्यूझीलंडनं आपल्याच आठवड्यात टाळं लावलं, पण मालकांना सांगितलं की पूर्णवेळ कामगारामागं आठवड्याला 585 न्यूझीलंडी डॉलर आम्ही देतो, माणूस काढू नका. बेट आहे, लोकवस्ती पन्नास लाख, ते सोपं होतं हे मान्य. पण पैसे देण्यासाठी बेट असावं लागत नाही.

महादेव अण्णा: चीनचं नावच काढू नका. सगळं त्यांचंच केलेलं आहे.

सुनंदा काकू: अण्णा, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला तिथल्याच जखमींसाठी गेले आणि तिथंच वारले. सरकारला शिव्या द्या, लोकांना नको.

लक्ष्मी अक्का: मला एक सांगा. जगाचं झालं, आपल्या गेटवर काय? वॉचमनमामाला गेल्या आठवड्यात ताप होता, तरी रात्रभर बसले होते. मी विचारलं तर म्हणले, खाडा पडला की पैसे कापतात.

सेक्रेटरी, ए-201: एजन्सीचा नियम आहे अक्का. कमिटीचा नाही.

स्मिता डॉक्टर: कमिटी वेगळे देऊ शकते. आजारपणाचे महिन्याला चार दिवस धरा, दोन वॉचमन आणि जिना झाडणाऱ्या मावशी. फ्लॅटमागं फार होत नाही.

शैलेश: माझी हरकत नाही. पण डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे.

स्मिता डॉक्टर: चिठ्ठी मी देते, फुकट.

इम्रानभाई: माझेही दोन फ्लॅटचे धरा. आणि वहीत नाव लिहा सगळ्यांचं, नुसतं तोंडी नको.

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. संध्याकाळी सहा, पार्किंगमध्ये. ज्यांचा मेंटेनन्स मार्चपासून थकलाय त्यांनीपण यावं, म्हणजे पैसे कुठून काढायचे तेही तिथंच ठरवता येईल.

महादेव अण्णा: सहाला पाणी येतंय. साडेसात ठेवा.