रोमन लिप्यंतरातील चिन्हांकित अक्षरे शोधात का सापडत नाहीत?

करवीरकर:
नमस्कार. कोल्हापूर परिसरातील शिलालेखांची सूची मी एक्सेलमध्ये करीत असून तिच्या एका रकान्यात गावांची नावे देवनागरीत आणि शेजारच्या रकान्यात रोमन लिप्यंतरात आहेत. काही नोंदी मी स्वतः विंडोजवर टंकल्या, तर उरलेल्या एका सहकाऱ्याच्या जुन्या मॅकवरील छायाचित्रांच्या फाइलनावांवरून उतरवून घेतल्या. आता रोमन रकान्यात पन्हाळा शोधला, तर निम्म्याच नोंदी सापडतात, आणि डोळ्यांना मात्र सर्व सारख्याच दिसतात. फॉन्ट बदलूनही फरक पडला नाही. शिवाय सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल थेट उघडली की देवनागरी पूर्ण विस्कटते आणि एका फ्रेंच अभ्यासकाच्या नावात तिरक्या रेघेच्या 'ई'ऐवजी दोन भलतीच चिन्हे येतात. हे कशामुळे होते?

जुळारी:
फॉन्टचा येथे काही संबंध नाही. अक्षर कोणत्या क्रमांकाने साठवले आहे, ते पाहायला हवे. डोक्यावर आडवी रेघ असलेला रोमन 'ए' युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो: 257 या एकाच क्रमांकाने, किंवा साधा 'ए' म्हणजे 97 आणि त्यामागून जोडली जाणारी रेघ म्हणजे 772, अशा दोन क्रमांकांनी. त्याचप्रमाणे खाली टिंब असलेला 'एल' एकतर 7735 असतो, नाहीतर 108 आणि 803. हे दोन्ही प्रकार समान मानावेत असे युनिकोड सांगते, परंतु केवळ क्रमांक ताडून पाहणाऱ्या शोधाला ते वेगळेच वाटतात. मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या फाइल साठवण्याच्या व्यवस्थेत फाइलनावे सुट्या स्वरूपात, म्हणजे अक्षर आणि चिन्ह वेगवेगळ्या क्रमांकांनी, साठवली जात, त्यामुळे आपल्या उतरवलेल्या नोंदी तशा झाल्या असणार.

पडताळणी सोपी आहे. दोन्ही नोंदींना एक्सेलचे 'लेन' हे लांबी मोजणारे सूत्र लावा: जोडलेल्या स्वरूपातील पन्हाळ्याची लांबी 7 येईल आणि सुट्या स्वरूपातील 10, कारण त्या नावात अशी तीन अक्षरे आहेत. उपाय म्हणजे संपूर्ण रकाना एनएफसी या जोडलेल्या स्वरूपात आणणे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील 'युनिकोडडेटा' या मोड्यूलने हे काम एका ओळीत होते.

सीएसव्हीचे दुखणे निराळे आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत (संकेतनात), तिरक्या रेघेचा 'ई' 195 आणि 169 अशा दोन बाइटांत साठतो. एक्सेल ती फाइल विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतनाने वाचते, तेव्हा पहिल्या बाइटचा नागमोडी रेघेचा मोठा 'ए' आणि दुसऱ्याचे कॉपीराइटचे चिन्ह होते. फाइलवर दुहेरी क्लिक न करता 'डेटा' या टॅबमधून ती आयात करावी आणि संकेतन 65001, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे. मूळ मजकूर शाबूत असतो. विस्कटलेल्या अवस्थेत फाइल जतन मात्र करू नये.

मिरजकर:
वरील उत्तर अचूक आहे, परंतु देवनागरी रकान्याकडेही तितकेच लक्ष द्यावे, कारण आपल्या भागातील नावांत हाच घोळ अधिक खोल आहे. 'कऱ्हाड' घ्या. त्यातील 'ऱ' 2353 या एका क्रमांकाने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब), म्हणजे 2352 आणि 2364, असा. हे दोन्ही एनएफसीने एकरूप होतात. मात्र अनेकजण तेथे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह टंकतात. हा तिसरा प्रकार युनिकोड समतुल्य मानत नाही, म्हणून एनएफसीनंतरही तो तसाच राहतो आणि स्वतंत्रपणे 'शोधा व बदला' करावा लागतो. मराठीच्या कामात ही पायरी गाळूच नये, असे माझे ठाम मत आहे.

करवीरकर:
मनःपूर्वक आभार. लांबी खरोखरच 7 आणि 10 आली. यापुढे ही अक्षरे विंडोजवर टंकताना कोणती पद्धत ठेवावी?

जुळारी:
वर्डमध्ये 0101 टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबल्यास रेघेचा 'ए' जोडलेल्या स्वरूपातच मिळतो. हा आकडा म्हणजे 257 चे षोडशमान रूप. टिंबाच्या 'एल'साठी 1 नंतर मोठा 'ई' आणि 37 टंकावे. भारतीय लिपींच्या रोमन लिप्यंतरासाठीच्या आयएसओ 15919 या 2001 च्या मानकात हे अक्षर 'ळ'साठी आहे, तर संस्कृत ग्रंथांत रूढ असलेल्या आयएएसटी पद्धतीत ते 'ऌ'साठी वापरतात, म्हणून आपण कोणती पद्धत पाळली आहे, ते सूचीच्या आरंभी नोंदवून ठेवावे.