इंजिन बंद केले की होडी थांबते, मग जडत्वाचा नियम मुलांना कसा पटवावा?

प्रश्न – विज्ञान शिक्षिका, गुहागर तालुका

नमस्कार. मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात जडत्व शिकवताना मी सांगितले की, गतिमान वस्तूवर असंतुलित बल लागले नाही, तर ती त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. त्यावर एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग दाभोळहून धोपाव्याला येताना फेरीबोटीचे इंजिन सगळी खाडी ओलांडेपर्यंत चालू का ठेवतात? एकदा वेग घेतला की बंद करायला हवे. आमच्या होडीचे इंजिन बंद केले, तर ती थोडी पुढे जाते आणि थांबते. म्हणजे चालत राहायला जोर लागतोच." मी घर्षणाचे नाव घेतले, तेव्हा त्याने विचारले की, पाणी इतके मऊ असताना त्यात घर्षण कसले?

वर्गातील बहुतेक मुले त्याच्याच बाजूची होती आणि त्यांचा अनुभव खोटा नाही, हे मलाही जाणवले. "पुस्तकात असे आहे" एवढे सांगून मला तो प्रश्न मिटवायचा नाही. त्यांना रोज दिसणाऱ्या गोष्टींवरूनच नियमापर्यंत कसे न्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

बाई, त्या मुलाला वर्गासमोर शाबासकी द्या. गती टिकवण्यासाठी सतत बल लागते, हे ॲरिस्टॉटलचे मत होते आणि ते सुमारे दोन हजार वर्षे बहुतेक विद्वानांना पटत होते. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले आणि समोरच्या चढाचा उतार कमी करत नेला, तर गोळा अधिकाधिक लांब जातो हे दाखवले. चढ उरलाच नाही आणि घर्षणही नसले, तर गोळ्याला थांबण्याचे कारणच राहत नाही. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच विचार पहिला नियम म्हणून मांडला. जिथे एवढ्या लोकांचा पाय अडखळला, तिथेच तुमचा विद्यार्थी उभा आहे.

पाणी मऊ असते या शंकेचे उत्तर त्याच्या हातातल्या वल्ह्यात आहे. पाणी काहीच विरोध करत नसते, तर वल्हे मारून होडी पुढे गेलीच नसती. वल्ह्याच्या पात्याला अडवणारे पाणी होडीच्या बुडालाही अडवते. होडीला समोरचे पाणी दोन्ही बाजूंना सारत जावे लागते, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, उठणारी लाट हे त्याचेच चिन्ह आहे. चालत्या होडीतून हात पाण्यात घालून आधी पंजा आडवा आणि मग उभा धरायला सांगा (अर्थात मोठे माणूस सोबत असतानाच). दोन्ही वेळी लागणाऱ्या बलातला फरक मनगटालाच कळतो.

यानंतर थोडे गणित करून घ्या. समजा, माणसांसह होडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आहे, ती सेकंदाला ३ मीटर वेगाने जात आहे आणि इंजिन बंद केल्यावर पाण्याचा सरासरी विरोध १५० न्यूटन आहे. बलाला वस्तुमानाने भागले की, वेग दर सेकंदाला ०.१५ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असे मिळते, म्हणजे होडी २० सेकंदांत, ३० मीटर अंतर कापून थांबेल. प्रत्यक्षात वेग कमी होतो तसा पाण्याचा विरोधही कमी होतो, त्यामुळे शेवटची संथ सरक बराच वेळ चालते. तांडेल (होडी चालवणारा) धक्क्याच्या बऱ्याच आधी इंजिन का बंद करतो, हे मुले मग स्वतःच सांगतील.

वर्गासाठी कॅरम बोर्ड पुरेसा आहे. एका टोकाला रबरबँड ताणून बांधा आणि दर वेळी तो ठरावीक खुणेपर्यंत ओढून स्ट्रायकर सोडा. आधी पावडर न टाकता, मग बोरिक पावडर टाकून आणि शेवटी बोर्डावर सुती कापड अंथरून अंतर मोजा. सोडताना दिलेला धक्का तिन्ही वेळी जवळपास सारखाच असतो, बदलते ते घर्षण. त्यानंतरच विचारा: घर्षण शून्य झाले तर?

उत्तर २ – यांत्रिकी अभियंता, हर्णै

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मला अडचणीचे मूळ भाषेत दिसते. माझे बालपण होड्यांवर गेले. आमच्याकडे इंजिन बंद केल्यावर सरकणाऱ्या होडीबद्दल "अजून जोर आहे" असे म्हणतात आणि ती थांबली की "जोर सरला" म्हणतात. दोरी ओढणाऱ्याचाही जोर आणि वाऱ्याचाही जोरच. बोलण्यात हा शब्द अगदी योग्य आहे, पण विज्ञानात त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या राशी दडलेल्या आहेत: एका वस्तूने दुसरीवर लावलेले बल, गतिमान वस्तूचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि तिची गतिज ऊर्जा. होडीत जो "उरलेला" असतो तो संवेग, आणि तो पाण्याच्या बलामुळे घटतो. बल होडीत साठवून ठेवता येत नाही.

म्हणून मुलांनी "जोर" म्हटले की त्यांना एवढेच विचारावे: कोणी लावला आणि कोणावर लावला? या दोन्हींचे उत्तर देता आले तरच ते बल. इंजिन बंद झाल्यावर होडीला पुढे ढकलणारे कोण आहे, असे विचारले की वर्ग शांत होतो, कारण तिथे कोणीच नाही. मागे ढकलणारे मात्र दोघे आहेत, पाणी आणि थोड्या प्रमाणात हवा. संवेग हा शब्द नववीत येतो, पण ही विचारपूस आठवीपासूनच सुरू करता येते.

विरोध जवळजवळ नसलेले खरे उदाहरण हवे असेल, तर १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान सांगा. पुढे जाण्यासाठी कोणतेही इंजिन न चालवता ते आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चालले आहे. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला किंचित मागे खेचते, तेवढाच त्याचा वेग घटतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. कॅरमचा प्रयोग काल केला. पावडर टाकल्यावर स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत आला, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने स्वतः सांगितले की, बोर्ड गावाएवढा लांब असायला हवा होता. "कोणी आणि कोणावर" हा प्रश्नही मुलांनी चटकन उचलला.

मात्र त्यातूनच दोन नव्या शंका निघाल्या. फेरीबोट एकसमान वेगाने जात असताना पाण्याचा विरोध आणि इंजिनाचा रेटा सारखेच असतात, असे मी सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सारखे असतील तर बोट जागीच राहायला हवी ना?" दुसऱ्याने म्हटले की, क्रियाबल व प्रतिक्रियाबल नेहमीच समान असतात, मग कोणतीच वस्तू हलायला नको. या शंका एकच आहेत की वेगळ्या?

उत्तर ३ – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या दिवशी घेतलेल्या बऱ्या.

पहिल्या शंकेसाठी फेरीबोट धक्क्यावरून निघते तेव्हापासून सुरुवात करा. सुरुवातीला तिचा वेग जवळजवळ शून्य असल्यामुळे पाण्याचा विरोधही जवळजवळ शून्य असतो आणि इंजिनाच्या पंख्यामुळे मिळणारा रेटा मोठा असतो, म्हणून वेग वाढतो. वेग वाढतो तसा विरोध वाढत जातो आणि एका क्षणी तो रेट्याइतका होतो. त्या क्षणी वेग वाढणे थांबते, पण मिळालेला वेग कुठे जाणार? तो तसाच राहतो. संतुलित बलांमुळे गती नाहीशी होत नाही, गतीत होणारा बदल थांबतो. रेस वाढवली की पुन्हा वेग वाढेल, मात्र नवा समतोल येईपर्यंतच. तुमच्या पहिल्या विद्यार्थ्याला हवे असलेले उत्तरही इथेच मिळते: बोट चालू ठेवणे हे इंजिनाचे काम नाही, पाण्याचा विरोध भरून काढणे हे आहे. बोट वळते तेव्हा चाल तीच असली, तरी दिशा बदलते म्हणजे वेग बदलतो आणि त्यासाठी बल लागते. एसटी घाटातल्या वळणावर वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला का कलंडतो, याची चर्चा त्याला जोडून घेता येईल.

दुसऱ्या शंकेसाठी धक्क्यावर उतरणारा माणूस घ्या. मोकळ्या होडीतून तो धक्क्याकडे उडी मारतो, तेव्हा होडी मागे सरकते. माणसाने होडीवर लावलेले बल आणि होडीने माणसावर लावलेले बल समान व विरुद्ध असतात, पण एक होडीवर लागते आणि दुसरे माणसावर, त्यामुळे ते एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. माणूस ६० किलोग्रॅमचा, होडी २४० किलोग्रॅमची आणि माणसाचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर पाण्याचा विरोध क्षणभर बाजूला ठेवल्यास होडी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने मागे जाईल. फेरीबोटीवरचा रेटा आणि विरोध मात्र दोन्ही बोटीवरच लागतात, म्हणून त्यांची वजाबाकी करता येते. ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. पंख्याने पाणी मागे लोटले आणि पाण्याने पंख्याला पुढे लोटले, ही खरी जोडी.

फळ्यावर होडी आणि माणूस यांची दोन वेगळी चित्रे काढा आणि प्रत्येक चित्रात फक्त त्या वस्तूवर लागणाऱ्या बलांचे बाण दाखवा. दोन्ही वस्तू एकाच चित्रात काढल्या की मुले बाणांची सरसकट वजाबाकी करतात, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.